बधिर पायांसाठी एम.सी.आर. चप्पल: मराठवाड्याच्या उन्हात, काळ्या मातीत आणि काट्यांत किती उपयोगाची?

एम.सी.आर. म्हणजे मायक्रोसेल्युलर रबर. अत्यंत बारीक, बंद हवेच्या पोकळ्या असलेलं हे मऊ रबर चपलेच्या वरच्या थरात, म्हणजे जिथे तळवा टेकतो तिथे बसवतात. ज्यांच्या पायाची संवेदना मधुमेहाने किंवा कुष्ठरोगाने कमी झाली आहे, त्यांच्यासाठी ही चप्पल आहे. चालून थकणाऱ्या निरोगी पायाला ती आरामदायक वाटेल, पण तिचं काम आराम देणं नाही. खडा टोचला, पट्टा घासला, टाचेवर जास्त भार आला, ही बातमी जो पाय आता देत नाही, त्या पायाला जखमेपासून दूर ठेवणं हे तिचं काम. या एकाच कसोटीवर तिला तोलायला हवं.

छत्रपती संभाजीनगर, लातूर, नांदेडच्या बाजारात ‘डायबेटिक चप्पल’, ‘डॉक्टर चप्पल’, ‘ऑर्थो चप्पल’ अशा नावांनी भरपूर माल लटकलेला दिसतो. त्यातल्या बऱ्याच चपलांत एम.सी.आर. नसतंच. कुठे साधा ई.व्ही.ए. फोम असतो, कुठे मेमरी फोमचा पातळ थर. मेमरी फोम हाताने दाबला की सुखद वाटतो, पण सत्तर किलोचा माणूस उभा राहिला की तो चवड्याखाली पूर्ण चपटा होतो आणि खालच्या कठीण तळावरच चालणं सुरू होतं. म्हणून नावावर जाऊ नका, रबर तपासा.

तपासायची रीत सोपी आहे. वरच्या थराची कडा अंगठा आणि तर्जनीत धरून दाबा. चांगलं एम.सी.आर. दाबल्यावर जाडीच्या साधारण निम्मं होतं आणि सोडल्याबरोबर परत येतं. दाबलंच गेलं नाही तर ते कठीण आहे. दाबून बोटं एकमेकांना टेकल्यासारखी वाटली तर ते फार मऊ आहे. कारखान्याच्या भाषेत हा मऊपणा शोर ‘ए’ या रबराचा कठीणपणा मोजणाऱ्या मापावर सुमारे १५ इतका असावा लागतो. जाडी १० मिलिमीटरच्या आसपास हवी. ६ मिलिमीटरचा थर लावून तीच किंमत घेणारे विक्रेते आहेत, म्हणून खिशात छोटी पट्टी ठेवा आणि मोजा. दुकानदाराला राग आला तरी चालेल.

घट्टा वेगळा, बधिरपणा वेगळा

दवाखान्याच्या केसपेपरवर ‘कॅलस’ किंवा ‘कॅलोसिटी’ असं लिहिलेलं असतं. हा शब्द लॅटिन ‘कॅलम’वरून आला. कॅलम म्हणजे घट्ट झालेली जाड कातडी, आणि ‘कॅलोसस’ हे त्याचं विशेषण: अशा कातडीने भरलेला, निबर. त्याच मुळातल्या ‘कॅलेरे’ या क्रियापदाचे अर्थ दोन. कातडी घट्ट होणं हा एक. सरावाने एखादी गोष्ट पक्की अंगात मुरणं हा दुसरा. ‘कॅलिडस’ म्हणजे चतुर, मुरलेला, तोही त्यातलाच. प्राचीन रोमचा वक्ता आणि विचारवंत सिसेरो याने लिहून ठेवलं आहे की कष्टच वेदनेवर जणू एक घट्टा चढवतात. बधिरपणासाठी लॅटिनमध्ये निराळं विशेषण आहे, ‘टॉर्पिडस’. ते ‘टॉर्पेरे’, म्हणजे सुन्न पडणं, या क्रियापदावरून आलं. विजेचा झटका देऊन हात बधिर करणाऱ्या माशाला रोमन लोक त्यावरूनच ‘टॉर्पेडो’ म्हणत, आणि पाण्याखालून सुटणाऱ्या शस्त्राला पुढे त्या माशाचं नाव मिळालं.

सिसेरोचं म्हणणं मनाच्या बाबतीत कितीही खरं असो, पायाच्या बाबतीत ते धरून चालणं धोक्याचं आहे. मराठवाड्यात हीच समजूत घरोघरी आहे: आयुष्यभर अनवाणी राबलो, पाय निबर झालाय, आता काटासुद्धा लागत नाही. घट्टा हा कातडीच्या वरच्या मृत थराचा जाडपणा. बधिरपणा हा मज्जातंतूंचा आजार. ऊसतोडीला जाणाऱ्या बीडच्या मजुराच्या तळहाताला जाड घट्टे असतात, तरी कोयत्याची मूठ गरम झाली की त्याला कळतं. काटा रुतून कातडीच्या आत गेला तरी ज्याला कळत नाही, त्याचे मज्जातंतू गेलेले असतात, कातडी कितीही मऊ असो. नुसते घट्टे पडलेला पाय कष्टाने तयार झालेला आहे. दुसरा आजारी आहे, आणि चप्पल दुसऱ्यासाठी आहे.

हे दोन एकाच पायात जमले की खरं संकट सुरू होतं. मधुमेहात घाम कमी होतो, कातडी कोरडी पडते; बोटांचे छोटे स्नायू दुबळे होऊन बोटं आकड्यासारखी वळतात आणि चवड्याची हाडं खाली येतात. त्या हाडांखाली दाब वाढतो, दाबाने घट्टा वाढतो, आणि वाढलेला घट्टा चपलेत अडकलेल्या खड्यासारखा आतल्या मांसावर आणखी दाब आणतो. निरोगी माणूस एवढ्यात लंगडायला लागतो आणि ती जागा आपोआप सुटते. बधिर पायाचा माणूस सरळ चालत राहतो. घट्ट्याखाली रक्त साकळतं, पोकळी होते, मग एके दिवशी मोज्याला किंवा गादीच्या चादरीला डाग दिसतो. घट्टा तज्ज्ञाकडून नीट तासून घेतला तर त्या जागेवरचा दाब साधारण पाव हिश्श्याने उतरतो, असं मोजमापांत आढळलं आहे. घट्ट्यात काळपट-लाल ठिपका दिसला तर ती आतल्या जखमेची खूण समजा आणि त्याच आठवड्यात दवाखाना गाठा.

कुष्ठरुग्णांची बोटं आजाराने ‘झडतात’ असं पूर्वी मानलं जाई. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात काम करणाऱ्या डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिलं की बोटं गमावण्यामागे मुख्यतः न जाणवलेल्या जखमा, भाजणं आणि पुन्हा पुन्हा पडणारा दाब असतो. म्हणजे ते टाळता येतं. एम.सी.आर. चपलेमागचा सगळा विचार एवढ्या एका वाक्यात मावतो.

आपल्याला ही चप्पल लागते का?

घरच्या घरी करायची एक विश्वासार्ह चाचणी आहे, इंग्लंडमधल्या इप्सविच गावाच्या नावाने ओळखली जाणारी. त्या माणसाला पाय लांब सोडून झोपवा, डोळे मिटायला सांगा. आपल्या तर्जनीचं टोक त्याच्या पायाच्या बोटाच्या टोकाला एक ते दोन सेकंद हलकेच टेकवा. दाबायचं नाही, थोपटायचं नाही, घासायचं नाही. क्रम असा: उजवा अंगठा, उजवी करंगळी, डावा अंगठा, डावी करंगळी, मग उजवं मधलं बोट, शेवटी डावं मधलं बोट. स्पर्श कळला की त्याने ‘डावा’ किंवा ‘उजवा’ म्हणायचं. एकदा कळलं नाही तर त्याच बोटाला दुसरी संधी द्यायची नाही. सहापैकी दोन किंवा अधिक बोटांना स्पर्श कळला नाही, तर पाय धोक्यात आहे असं धरा. या चाचणीत सगळ्यात जास्त चूक होते ती जोरात दाबल्याने: दाब खोलवर कळतो आणि बधिर पाय चांगला ठरतो.

दवाखान्यात १० ग्रॅमचा मोनोफिलामेंट, म्हणजे ठरावीक जोर लागला की वाकणारा नायलॉनचा धागा, अंगठ्यावर आणि चवड्यावर टेकवून पाहतात. तो घट्ट्यावर टेकवायचा नसतो. जाड कातडीवर निरोगी माणसालाही तो कळणार नाही. १२८ हर्ट्झच्या ट्यूनिंग फोर्कने कंप कळतो का तेही पाहतात. लगोलग पायाची नाडीही तपासून घ्या. पायाचा रक्तपुरवठाच कमी असेल, आणि तंबाखू-बिडीच्या व्यसनात तो बऱ्याचदा कमी असतो, तर कितीही चांगली चप्पल जखम भरू शकणार नाही. बधिरपणाची इतर कारणंही असतात: बी-१२ची कमतरता, दारू. मधुमेहावरची मेटफॉर्मिनची गोळी वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत बी-१२ कमी होऊ शकतं, आणि ती कमतरता औषधाने भरून काढता येते. तेव्हा मधुमेह आहे म्हणजे बधिरपणा त्याचाच, असं परस्पर ठरवू नका.

बांधणी

रबर चांगलं निघालं तरी अर्धीच परीक्षा झाली. त्याच्याखाली कठीण तळ हवा. मराठवाड्यात ही अट सगळ्यात महत्त्वाची, आणि शहरी दुकानांतल्या हलक्याफुलक्या चपला नेमक्या इथेच नापास होतात. नुसत्या एम.सी.आर.मधून बाभळीचा काटा सहज आरपार जातो. कापसाची पऱ्हाटी काढलेल्या किंवा तूर कापलेल्या रानातली धसकटं तर त्याहून वाईट. खालचा तळ जाड, कठीण रबराचा असावा आणि पुढच्या बाजूला तो फार वाकू नये. चप्पल दोन्ही हातांत धरून पुढून दुमडून पाहा. ती कागदासारखी दुहेरी होत असेल तर चवड्याखालचा दाब ती कमी करणार नाही. ग्रामीण भागात जुन्या ट्रकच्या टायरचा तळ लावून देणारे कारागीर आहेत. तो टिकतो उत्तम, काटा अडवतो, पण जड होतो. म्हाताऱ्या माणसाला आणि पाय ओढत चालणाऱ्याला ते वजन झेपत नाही.

खिळा एकही नको. हे विक्रेत्याला विचारून चालत नाही, बघावं लागतं. पट्टे तळात कसे बसवले आहेत, ते दोन थरांच्या मध्ये चिकटवून शिवले आहेत की चुका, म्हणजे बारीक खिळे, ठोकल्या आहेत? एम.सी.आर. दबत गेलं की आतली चूक वर येते आणि बधिर टाचेत रोज थोडी थोडी रुतते. दुरुस्तीला दिलेली चप्पल परत घेतानाही हेच पाहा. गावातला कारागीर सवयीने दोन चुका ठोकून मोकळा होतो. देतानाच ‘चुका नको, शिवून आणि चिकटवून दे’ असं सांगा, आणि परत आल्यावर टॉर्च मारून आतून पाहा. बोटांनी चाचपू नका, कारण कुष्ठरोगात आणि जुन्या मधुमेहात हातही बधिर असू शकतात.

अंगठ्यात अडकवायची चप्पल बधिर पायासाठी नाहीच, तिचा तळ कितीही मऊ असला तरी. तिला धरून ठेवायला बोटं आवळावी लागतात, आणि अंगठा व शेजारच्या बोटाच्या बेचक्यात ती घासते. मागचा पट्टा हवाच हवा. तो नसला की चप्पल निसटते, माणूस दहा पावलं तसाच पुढे जातो आणि त्याला पत्ता लागत नाही. पुढचे पट्टे रुंद, वेल्क्रोचे, आतून मऊ अस्तराचे असावेत, म्हणजे संध्याकाळी पाय सुजला की ढिले करता येतात. वेल्क्रोला एक दोष आहे: काळ्या मातीची धूळ आणि गवताची कुसळं त्याच्या आकड्यांत भरली की पकड जाते. जुन्या टूथब्रशने आठवड्यातून एकदा झाडला तर पुष्कळ दिवस चालतो. बक्कल असेल तर त्याचं धातूचं टोक कातडीला लागत नाही ना, ते पाहा.

इथे अॅक्युप्रेशर चपलांबद्दल बोलायलाच हवं. जत्रेत, एस.टी. स्टँडवर, प्रदर्शनांत टोकदार गोळे असलेल्या या चपला ‘शुगरवाल्यांसाठी खास’ म्हणून विकल्या जातात. बधिर पायाला याहून घातक काही सुचवता येणार नाही. एम.सी.आर.चं काम दाब पसरवणं. या चपलेचं काम दाब एका बिंदूवर आणणं. ज्याला टोचतं तो ती पाच मिनिटांत काढतो. ज्याला टोचत नाही तो दिवसभर घालतो, आणि टोचत नाही म्हणून त्याला ती मानवली असंही वाटतं. घरात कुणाकडे असेल तर आजच काढून टाका.

माप

बधिर पायाचा माणूस हटकून लहान माप निवडतो. घट्ट बसली तरच त्याला चप्पल पायात असल्याची जाणीव होते, म्हणून योग्य मापाची चप्पल त्याला ढिली वाटते. त्यामुळे ‘कशी वाटते?’ या प्रश्नाला इथे अर्थ नाही. माप डोळ्यांनी आणि पट्टीनेच घ्यावं लागतं.

संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, कोऱ्या कागदावर उभं राहा. बसून नाही, उभं राहिल्यावर पाय लांब-रुंद होतो. दुसऱ्या कुणाकडून पेन्सिल सरळ उभी धरून दोन्ही पायांची आखणी करून घ्या. तिरकी धरली तर माप आत सरकतं. दोन्ही पाय क्वचितच सारखे असतात, मोठ्या पायाचं माप धरा. कागद आखणीवर कापून चपलेत ठेवा: सगळ्यात लांब बोटापुढे किमान एक सेंटिमीटर जागा उरली पाहिजे आणि चवड्याच्या दोन्ही बाजूंना कागद चपलेच्या बाहेर आला नाही पाहिजे. बंद बुटात लांबीची मोकळी जागा एक ते दोन सेंटिमीटर धरतात. ऑनलाइन घेताना नंबर सांगून भागत नाही, कारण रुंदीच कळत नाही. त्यामुळे परत करण्याची सोय नसेल तर ऑनलाइन घेऊ नका.

नवी चप्पल पहिल्या दिवशी एक तास घरातच घाला, मग काढून तळवा, बोटांच्या कडा, टाचेचा मागचा भाग नीट पाहा. वाकता येत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवा किंवा घरातल्या मुलाला मोबाइलने फोटो काढायला सांगा. लाल पडलेली जागा अर्ध्या तासात निवळली नाही तर पट्टा तिथे घासतोय. वेळ हळूहळू वाढवत न्या. नवी चप्पल घालून थेट लग्नाला, बाजाराला किंवा देवदर्शनाला निघणं म्हणजे पहिल्याच दिवशी फोड ओढवून घेणं.

इथल्या वापरात काय होतं

उन्हाळा हा या चपलेचा पहिला शत्रू. मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर जातो तेव्हा डांबर आणि फरशी त्याहून कितीतरी तापलेली असते. जाड तळ पाय भाजण्यापासून वाचवतो, पण चप्पल उन्हात ठेवली तर थरांमधलं चिकटण सुटायला लागतं आणि रेक्झिनचे पट्टे कडक होऊन कडा धारदार बनतात. उंबऱ्याबाहेर उन्हात सोडण्याची सवय मोडा, सावलीत ठेवा. उन्हातून उचललेली चप्पल लगेच पायात घालू नका. बधिर तळव्याला तिचा चटकाही कळणार नाही.

पावसाळ्यात काळी माती तळाला लोंबते, एकेक चप्पल किलोभर जड होते आणि चिखलात रुतून मागचा पट्टा तुटतो. प्रामाणिकपणे सांगायचं तर ओल्या रानात ही चप्पल कामाची नाही. तिथे मोकळ्या मापाचे गमबूट, आत जाड सुती मोजे, आणि दर दोन तासांनी बूट काढून पाय पाहणं, हाच मार्ग. गमबूट घालण्याआधी उलटा करून झटका. खडा, विंचू, काहीही आत असू शकतं. एम.सी.आर. स्वतः पाणी फारसं पीत नाही, पण अस्तर आणि शिलाई ओली राहते. साबणाच्या पाण्याने धुऊन, फडक्याने पुसून, सावलीत वाळवा. बोटांची बेचकी कोरडी करायला विसरू नका.

अनवाणी चालण्याचा प्रश्न त्याहून अवघड आहे, कारण तो श्रद्धेचा आहे. नवरात्रात अनेक जण अनवाणी राहतात, कोजागिरीला तुळजापूरला पायी जातात, परळी-औंढ्याला दर्शनाच्या रांगेत तापलेल्या फरशीवर उभे राहतात. ज्याच्या पायाला संवेदना नाही त्याने हा नवस पायावर घेऊ नये, आणि घरच्यांनी त्याला ते प्रेमाने, पण ठामपणे सांगावं. मंदिरात चप्पल चालत नाही तिथे जाड सुती मोजे घालून, सकाळी लवकर, फरशी थंड असताना जावं, आणि बाहेर आल्यावर तळवे पाहावेत. घरातसुद्धा अनवाणी नको. घरासाठी वेगळी, स्वच्छ एम.सी.आर. जोडी ठेवली तर ‘घरात चप्पल कशी’ हा आक्षेप उरत नाही. रात्री लघवीला उठताना पलंगाच्या लाकडावर आपटलेली करंगळी ही नेहमीची जखम आहे.

थंडीत शेकोटीपाशी पाय पसरून बसणं, मीठ घातलेल्या गरम पाण्यात पाय बुडवणं, मोटारसायकलच्या सायलेन्सरला पोटरी टेकणं, या सगळ्यांपासून चप्पल वाचवत नाही. पाय धुवायचं पाणी ३७ अंशांच्या वर नको आणि ते तपासायचं दुसऱ्याच्या हाताने किंवा आपल्या कोपराने. तेही फक्त धुण्यापुरतं. पाय बराच वेळ भिजत ठेवले की कातडी आधी लिबलिबीत आणि नंतर आणखी कोरडी होते.

चपलेबरोबर काय घ्यावं, काय घेऊ नये

मेडिकलमध्ये मिळणाऱ्या कुरूपाच्या पट्ट्या, म्हणजे कॉर्न कॅप, बधिर पायाला लावू नका. त्यात सॅलिसिलिक आम्ल असतं, बहुधा ४० टक्के. ते मृत कातडी विरघळवतं आणि पट्टी सरकली तर जिवंत कातडीही. ज्याला आग होते तो पट्टी काढतो. ज्याला होत नाही त्याच्या पायाला आठवड्याने खड्डा पडलेला असतो. दाढीच्या पात्याने घट्टा तासणंही तितकंच वाईट. न्हाणीतली वज्री हलक्या हाताने, ओल्या कातडीवर, दोन-चार वेळा फिरवायला हरकत नाही, पण धातूची खरबरीत वज्री नको आणि ‘साफ होईपर्यंत’ घासणं नको.

भेगांसाठी युरियाचं मलम चांगलं: १० ते २५ टक्क्यांचं रोज रात्री टाचेला. ते नसेल तर व्हॅसलिन किंवा खोबरेल तेल, रोज, आंघोळीनंतर कातडी किंचित ओली असतानाच. बोटांच्या बेचक्यात मात्र काही लावायचं नाही. ओल साचून बुरशी होते. टाचेच्या भेगेतून रक्त येत असेल तर ती जखमच आहे, तिला मलमाच्या भरवशावर सोडू नका.

किती टिकते, कुठे मिळते

रोजच्या वापरात एम.सी.आर.चा थर सहा महिने ते वर्षभर काम देतो. वरून चप्पल नवी दिसते, म्हणून लोक दोन-दोन वर्षं ओढतात. टाचेखाली आणि चवड्याखाली थराची जाडी मोजा आणि कमानीखाली, जिथे भार येत नाही, तिथली मोजा. भाराच्या जागी ती निम्म्यावर आली असेल, किंवा पायाचा ठसा रात्रभरातही भरून येत नसेल, तर थर संपला. खालचा तळ धड असेल तर कारागिराकडून फक्त एम.सी.आर. बदलून घेता येतं आणि ते नव्या चपलेपेक्षा पुष्कळ स्वस्त पडतं. तळाच्या झिजेकडेही बघा. एका बाजूनेच झिजत असेल तर पाय वाकडा पडतोय, आणि तेवढ्याने चवड्याच्या एकाच हाडावर भार येतो.

साध्या, नीट बांधलेल्या जोडीला बाजारात साधारण पाचशे ते दीड हजार रुपये पडतात. कुष्ठरोगाने संवेदना गेलेल्या रुग्णांना राष्ट्रीय कुष्ठरोग निर्मूलन कार्यक्रमात ही पादत्राणं मोफत मिळतात. त्यासाठी प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा जिल्ह्याच्या सहायक संचालक, आरोग्य सेवा (कुष्ठरोग) यांच्या कार्यालयात विचारा. मोफतच्या चपलेविषयी एक जुनी, खरी तक्रार आहे: तिचा ठरावीक साचा आणि रंग गावात ओळखू येतो, आणि ओळखला जाण्याच्या भीतीने माणूस ती घरात ठेवून साध्या स्लिपरवर बाहेर पडतो. न घातलेली चप्पल शून्य उपयोगाची, त्यामुळे ही तक्रार किरकोळ समजू नये. आता तेच रबर सँडलच्या नेहमीच्या साच्यात, तपकिरी किंवा काळ्या पट्ट्यांत बनवता येतं. तसं मागून घ्यावं. मधुमेहींनी छत्रपती संभाजीनगर (घाटी), अंबाजोगाई, लातूर किंवा नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात आधी पाय तपासून घेऊन, कोणत्या प्रकारची चप्पल लागेल ते लिहून घ्यावं.

ते लिहून घेणं यासाठी, की सगळ्या बधिर पायांना ही चप्पल पुरत नाही. पाय सरळ असेल, उघडी जखम नसेल तर साधी एम.सी.आर. चप्पल पुरेशी. बोटं वळलेली असतील, पूर्वी जखम होऊन गेली असेल किंवा एखादं बोट काढलेलं असेल, तर पायाच्या साच्यावर घडवलेला तळ आणि पुढून गोलाई दिलेला कडक सोल लागतो. तयार माल चालत नाही. तळव्याला जखम उघडी असेल तर चप्पल बदलून ती भरणार नाही. तिथे भार पूर्ण काढावा लागतो, बहुतेकदा पायाला घट्ट बसणाऱ्या प्लास्टरने. आणि एकच पाय लाल, सुजलेला आणि दुसऱ्यापेक्षा गरम लागत असेल, दुखत नसला तरी, तर आतली हाडं खचायला लागलेली असू शकतात. मधुमेही पायात याला शार्को म्हणतात. दोन्ही पायांच्या एकाच जागेच्या तापमानात सलग दोन दिवस २.२ अंश सेल्सिअसपेक्षा जास्त फरक आढळणं ही धोक्याची खूण मानली जाते. अशा पायावर चालायचं नाही, कुठल्याच चपलेत नाही. त्याच दिवशी गाडी करून मोठ्या रुग्णालयात जायचं.

जोड्या शक्यतो दोन घ्या आणि आलटूनपालटून वापरा. एक दुरुस्तीला गेली म्हणून जुनी स्लिपर पायात घालण्याची वेळ येत नाही, आणि रबरालाही पूर्ववत व्हायला दिवसभर मिळतो.